लाकडी स्टीअरिंग आणि मांडीवरची नात

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा ‘मुलांचा आहार’ किंवा ‘लसीकरण : समज आणि गैरसमज’ यांपैकी एखादा विषय मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली पंचवीस-तीस वर्षे मी याच विषयांवर लिहीत आणि बोलत आलो आहे आणि आपण सर्वांनी ते सौजन्याने सहन केले आहे. या खेपेस मात्र मी एका मोटारीच्या स्टीअरिंगविषयी लिहिणार आहे. विषय वरकरणी हौसेचा आहे. परंतु तो फिरत फिरत माझ्या व्यवसायाच्या दारातच येऊन उभा राहिला, म्हणून तो येथे मांडण्याचे धाडस करतो.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. जुन्या गाडीला हौसेने लाकडी स्टीअरिंग बसविण्यास माझा विरोध नाही. परंतु ते चाक दांड्याला ज्या तुकड्याने जोडले जाते तो तुकडा, आणि त्या चाकामागे आपण कोणाला बसवतो, या दोन गोष्टी लाकडाच्या जातीपेक्षा आणि पॉलिशपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या आहेत. आपण शिकलेली माणसेसुद्धा त्यांचा विचार सर्वांत शेवटी करतो. मी तर तो केलाच नव्हता.

आमच्या घरी १९७० सालची फियाट ११०० आहे. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात तयार झालेली. हीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने घराघरांत ओळखली गेली. माझे वडील, म्हणजे नाना, दांडिया बाजारात प्रॅक्टिस करीत. त्या काळी फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि गाडी आली त्या दिवशी नानांनी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला होता, असे आई सांगत असे. १०८९ सीसीचे इंजिन, स्टीअरिंगखाली हाताने टाकायचा गिअर, आणि बारीक कड्याचे, मोठ्या व्यासाचे चाक. या गाडीतून नाना रात्री-अपरात्री व्हिजिटला जात. मांडवीच्या आतल्या गल्ल्यांत ती कशी वळवीत, हे आजही मला कोडे आहे.

आणि मी त्यांच्या मांडीवर बसून ती चालवीत असे! म्हणजे माझी तशी समजूत होती. वय चार-पाच वर्षांचे. रविवारी सकाळी सुरसागराच्या काठाने एक फेरी होई. माझे हात चाकावर, माझ्या हातांवर नानांचे हात. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचा थंड पट्टा माझ्या हाताला लागे, तो स्पर्श अजून आठवतो. पन्नास वर्षे मी ही आठवण फार जपून ठेवली होती. तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहण्याची वेळ येईल, असे वाटले नव्हते.

नाना गेल्यावर गाडी बरीच वर्षे झाकून ठेवलेली होती. मी ती हळूहळू चालती केली. इंजिन झाले, ब्रेक झाले, रंग झाला. राहिले ते चाक. उन्हाने त्याच्या कठीण प्लास्टिकला आऱ्यांपाशी तडे गेले होते. वळवताना तळहाताला चिमटा बसे. अशा वेळी, जानेवारी २०२३ मध्ये, आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे ते मोठे प्रदर्शन भरले होते. आपल्यापैकी पुष्कळ जण तेथे भेटलेही होते. मी तेथे दोन दिवस अक्षरशः रेंगाळलो. एका उघड्या गाडीतील लाकडी स्टीअरिंगवर सकाळचे तिरपे ऊन पडले होते. मधासारख्या रंगाचे ते कडे, त्यात एका ओळीत बसविलेल्या बारीक रिव्हेटी, आणि मधे चकचकीत ॲल्युमिनियमचे तीन आरे. मुलगी शेजारी उभी होती. तिने काही न बोलता माझा चेहरा वाचला, आणि माझ्या वाढदिवसाला तसेच एक चाक घरी आले.

या घाटाच्या चाकांना इतिहास आहे, आणि तो मला मोहात पाडणारा होता. एन्रिको नार्दी हा इटलीतील तूरिन शहरातला गृहस्थ. शर्यतीच्या गाड्या बांधणारा, चालवणारा. त्याच्या कारखान्यातील लाकडी चाके १९५० नंतरच्या दशकात इतकी नावाजली की फेरारीच्या अनेक गाड्यांना ती मुळातच बसवून येत. ॲल्युमिनियमची पातळ चौकट, तिच्या दोन्ही अंगांना लाकूड, आणि ते धरून ठेवणाऱ्या रिव्हेटी, अशी त्यांची रचना असते. फियाटचे घरही तूरिनच. तेव्हा नानांच्या गाडीला त्या घाटाचे चाक म्हणजे गावच्याच मुलीशी सोयरीक, अशी मी स्वतःची समजूत घातली. आपल्याला जे करावयाचे असते त्यासाठी इतिहास नेहमीच पुरावे देतो.

चाक बसविण्याचे काम मला वाटले होते तेवढे सरळ नव्हते. येथे थोडा तपशील देतो, कारण आपल्या मंडळात जुन्या गाड्या बाळगणारे निदान पाच-सहा जण तरी आहेत.

पहिली गोष्ट व्यासाची. जुने चाक टेपने मोजले, ते जवळजवळ १६ इंच भरले; नवे १४ इंचांचे. दोन इंचांनी काय बिघडते, असे मला वाटले. परंतु या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही. चाके वळतात ती आपल्या दंडाच्या जोरावर. त्रिज्या आठ इंचांवरून सात इंचांवर आली की तेवढेच काम करण्यासाठी सुमारे चौदा टक्के अधिक जोर लागतो. उभी गाडी गल्लीत काढताना ते चौदा टक्के खांद्यात जाणवतात. जुन्या गाड्यांची चाके मोठी असत ती शोभेसाठी नव्हेत.

दुसरी गोष्ट अंतराची. मूळ चाक दांड्याच्या टोकाशी जितके जवळ होते, तितके नवे बसेना. मधल्या जोडतुकड्याच्या उंचीमुळे ते माझ्या छातीकडे दोन इंच सरकले, आणि गिअरचा दांडा मात्र जागेवरच राहिला. बोटे पूर्वीच्या सवयीने जेथे जात तेथे गिअर सापडेना. हॉर्नची तार नव्याने ओढावी लागली. वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होणे थांबले. या लहानसहान गैरसोयी होत्या, आणि हौसेपुढे त्या मी हसत सोसल्या.

तिसरी आणि खरी गोष्ट म्हणजे हा जोडतुकडा. कारागीर याला ‘बॉस’ म्हणतात. स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाला उभे बारीक दाते असतात. बॉसच्या आतल्या भोकात नेमके तेवढेच आणि तसेच दाते हवेत, म्हणजे दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात आणि वरून मोठा नट आवळला जातो. बॉसच्या दुसऱ्या तोंडाला चाकाचे सहा बोल्ट बसतात. आपण चाक फिरवतो, तेव्हा आपल्या हाताचा सारा जोर या एका मुठीएवढ्या तुकड्यातून खाली जातो. तो बाहेरून दिसत नाही. त्याच्यावर हॉर्नचे सुरेख बटण बसते.

फियाट ११००च्या दात्यांचा तयार बॉस मला मिळाला नाही. गाडीचे काम करणाऱ्या मिस्त्रींनी उपाय काढला. भंगारातून याच गाडीचे एक मोडके चाक आणले, त्याचा दाते असलेला मधला भाग कापून घेतला, आणि लोखंडी चकतीच्या मध्यभागी तो वेल्ड केला. चकतीला सहा भोके पाडली. येथे आणखी एक गंमत झाली. इटालियन चाकांत बोल्टांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याची दोन मापे सर्रास आढळतात. नार्दी पद्धतीच्या चाकात त्या वर्तुळाचा व्यास ७४ मिलिमीटर, तर मोमो पद्धतीच्या चाकात ७०. आमचे चाक ७४ चे होते आणि चकतीवरची भोके ७० च्या मापाने पडली. प्रत्येक भोक दोन मिलिमीटर आत. मिस्त्रींनी कानस घेतली आणि सहाही भोके लांबट करून दिली. मी पाहत होतो. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, “साहेब, चाली जशे.”

हे दोन शब्द गुजरातेत वाढलेल्या आपणा सर्वांच्या कानांवर रोज पडतात आणि बहुतेक वेळा खरेही ठरतात. मिस्त्रींना मी दोष देत नाही. मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. माझे लक्ष लाकडाच्या रंगाकडे होते. माझ्या दवाखान्यात एखाद्या पालकाने औषधाच्या मात्रेविषयी एवढी बेफिकिरी दाखवली असती, तर मी त्यास ताळ्यावर आणले असते.

चाक बसले आणि ते सुंदर दिसत होते, हे मी आजही अमान्य करणार नाही. सौ. म्हणाली, “नानांची गाडी आता वरातीच्या घोड्यासारखी दिसते.” मी ती प्रशंसा समजून स्वीकारली. लाकडाचा हाताला होणारा स्पर्श वेगळाच असतो. ते थंडीत गार पडत नाही, उन्हात भाजत नाही. कारेलीबागेतून फत्तेगंजपर्यंत मी विनाकारण दोनदा गेलो आणि आलो.

त्या आठवड्यात मुलगी माहेरी आली होती. नात चार वर्षांची. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात मी तिला मांडीवर घेतले. तिचे हात लाकडावर, तिच्या हातांवर माझे. सहा-सात फेऱ्या झाल्या. मुलीने फोनवर चित्रफीत घेतली आणि ती नातेवाइकांच्या व सोसायटीच्या सर्व गटांवर गेली. आपल्या मंडळाच्या गटावरही मीच ती टाकली. पन्नासेक अंगठे आणि बदाम आले. त्यांत बालरोगतज्ज्ञ किती होते ते मी मोजले नाही.

त्याच फेऱ्यांत, चाक डावीकडे पूर्ण वळवले की ‘टक्’ असा बारीक आवाज मला ऐकू आला होता. मी तो ऐकला आणि सोडून दिला. मूल चार दिवस तापात असताना आज का आणले, असे मी रोज निदान एका आईला विचारतो. हा आवाज घेऊन मी आठ दिवस हिंडलो.

नवव्या दिवशी शेजारचे काका गाडी पाहण्यास आले. त्यांनी कोयलीच्या रिफायनरीत तपासणी विभागात आयुष्य काढले. पाइप आणि टाक्यांच्या वेल्डिंगमध्ये दोष शोधणे हेच त्यांचे काम. चाक दोन्ही बाजूंना हलवून पाहताच ते गप्प झाले. मग म्हणाले, “डॉक्टर, हे उतरवू या.” चाक उतरले, बॉस बाहेर आला. काकांनी घरून तीन डबे आणले. एकाने धातू स्वच्छ पुसला. दुसऱ्यातील लाल द्रव वेल्डिंगवर लावून दहा मिनिटे थांबले; मग तो पूर्ण पुसून काढला. तिसऱ्यातून पांढरी भुकटी फवारली. धातूत चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल द्रव पांढऱ्या थरावर वर येतो. आम्ही दोघे वाकून पाहत होतो. बेरियमच्या फोटोवर आतड्यातील अडथळा दिसावा, तशी त्या पांढऱ्यावर एक लाल रेषा हळूहळू उमटली. वेल्डिंगच्या कडेने तिने परिघाचा जवळजवळ तिसरा हिस्सा वेढला होता. वेल्डिंग एकाच बाजूने केलेले होते आणि ते खोल गेलेच नव्हते. लांबट केलेल्या भोकांमुळे बोल्ट हलत होते, म्हणून प्रत्येक वळणाला त्या जोडास धक्का बसत होता. ‘टक्’ तो होता.

उरलेला जोड सुटला असता तर काय झाले असते, हे सांगण्यास अभियंता लागत नाही. हातात चाक फिरत राहते आणि गाडी आपल्या मनाने जाते. काकांनी काहीच सुनावले नाही. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला होता, एवढे मात्र म्हणाले.

त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांपुढे निवासी डॉक्टर असतानाचा एक मुलगा येत राहिला. नऊ वर्षांचा, सायकलवरून पडला होता. हँडलचे टोक पोटाच्या वरच्या भागात लागले होते. त्वचेवर रुपयाएवढा निळसर वण, बाकी काही नाही. घरच्यांनी हळद लावून झोपवले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. हँडल आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये स्वादुपिंड चेपले गेले होते. तो वाचला, पण दीर्घ काळ रुग्णालयात राहून. हे चित्र आपल्यातील शल्यचिकित्सकांना आणि बालरोगतज्ज्ञांना परिचित आहे : लहान मुलाच्या पोटाचे स्नायू पातळ, फासळ्या लवचीक, आणि आतील अवयव कडक वस्तू व कणा यांच्यात सापडले की बाहेरच्या खुणेवरून आतील हानीचा अंदाज येत नाही.

आता स्टीअरिंगसमोर मांडीवर बसलेले मूल डोळ्यांपुढे आणावे. त्याच्या पुढे चाक आहे, आणि मागे कण्याच्या पलीकडे आजोबा आहेत. सायकलच्या अपघातात त्या मुलाचे स्वतःचेच वजन होते. येथे आजोबांचे वजनही मुलाच्या पाठीवर येते. मी कागदावर हिशेब केला. गाडी ताशी केवळ १० किलोमीटर वेगाने जाऊन फाटकाच्या खांबाला धडकली आणि शरीर १० सेंटिमीटर अंतरात थांबले, असे धरले, तर ७० किलोंच्या माणसाचा भार सरासरी पावणेतीनशे किलोंच्या घरात जातो. वेग ३० आणि थांबण्याचे अंतर ३० सेंटिमीटर धरले तर तोच भार ८०० किलोंहून अधिक होतो. माझी नात १५ किलोंची आहे. आवारातल्या आवारात, हळूहळू, मी स्वतः चालवतो आहे ना, या आपल्या साऱ्या सबबी या आकड्यांपुढे टिकत नाहीत. या भाराला दोन हातांनी थोपवून धरणारा आजोबा मला तरी माहीत नाही.

जुन्या गाड्यांत यास आणखी एक बाजू आहे. त्यांचा स्टीअरिंगचा दांडा ताठ असतो. समोरून धडक बसली की तो मागे, चालकाच्या छातीकडे येऊ शकतो. धडकेत चुरगळून जोर शोषून घेणारा दांडा अमेरिकेत जनरल मोटर्सने आपल्या १९६७ सालच्या गाड्यांत दिला, आणि १ जानेवारी १९६८ पासून तेथील नव्या मोटारींना त्याविषयीचे नियम लागू झाले. तोवर चाकावर आणि दांड्यावर आदळून जाणाऱ्या छात्यांची किती प्रकरणे तेथील डॉक्टरांनी पाहिली असतील याची कल्पना करता येते. आमची फियाट १९७० ची असली तरी तिचा आराखडा त्या पूर्वीच्या काळातला. तिच्यात सीटबेल्टसुद्धा नव्हते. त्यावर मी दोन इंच पुढे आलेले, लहान व्यासाचे, तुटले तर धारदार फाटे होऊ शकतील असे लाकडी चाक बसवले आणि त्यासमोर नातीला बसवले. नव्या गाड्या बाळगणाऱ्यांनीही निश्चिंत होऊ नये. त्यांच्या चाकात एअरबॅग असते. ती ज्या झटक्याने फुगते तो झटका प्रौढ माणूस योग्य अंतरावर बेल्ट लावून बसला आहे, असे गृहीत धरलेला असतो. आणि हौसेने ते चाक काढून लाकडी बसवणारा तर पैसे देऊन स्वतःची एअरबॅग फेकून देत असतो.

हे सर्व मी दोन-चार मित्रांशी बोललो तेव्हा जे उत्तर मिळाले ते मला लसीकरणाच्या व्याख्यानांमुळे पाठ आहे. “अरे, आपण सगळे असेच मांडीवर बसून मोठे झालो. काय झाले आपल्याला?” आमच्या लहानपणी कुठे एवढ्या लसी होत्या, असे विचारणारे आजोबाही हेच म्हणत असतात. ज्यांना काही झाले ते हा प्रश्न विचारायला आपल्या गप्पांत नसतात. नाना चुकले, असे म्हणताना माझी जीभ अडखळते. त्यांच्या काळी सुरसागरावर सकाळी टांगे आणि सायकली होत्या, आणि मुलांच्या अपघातांविषयी जे ज्ञान आज आपल्याला आहे ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. मला ते ज्ञान होते. ते मी इतरांना शिकवीत होतो.

दुसऱ्या टोकाला आमचे मूळ रूपाचे कैवारी आहेत. त्यांच्या मते गाडीचा एक स्क्रूही बदलणे हे पाप. त्यांना या प्रकरणात विजय झाल्यासारखे वाटले. जुन्या वाहनांविषयी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केले; पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. त्या नियमात चेसिस, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांचा उल्लेख आहे. स्टीअरिंगच्या चाकाचे नाव नाही. परंतु कायद्याने अडवले नाही म्हणून एखादी गोष्ट सुरक्षित होत नाही. आणि मूळ आहे म्हणूनही होत नाही. तडे गेलेले मूळ चाक हातात घेऊन गाडी चालवणे हेही मला मान्य नव्हते. मूळ रूपाचा एवढाच आग्रह धरायचा तर मागच्या आसनाला बेल्ट बसवणेही चूक ठरेल, आणि त्या तत्त्वासाठी मी एकाही मुलाला मोकळे बसवणार नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला बेल्टने अथवा मुलांच्या खास आसनात सुरक्षित न बसवता नेल्यास एक हजार रुपये दंड ठरविला आहे. तो दंड झालेला एकही पालक मला भेटलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

ज्यांना लाकडी चाक बसवायचेच आहे त्यांनी बसवावे. परंतु बॉस एकसंध पोलादातून करून घ्यावा. आतले दाते त्याच तुकड्यात कापलेले असावेत, मधे वेल्डिंग नको. हे काम मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत करून देणारे कारखाने आहेत. खर्च मिस्त्रींच्या उपायापेक्षा बराच अधिक येतो, परंतु चाकाच्या किमतीपुढे तो काही नाही. भोकांचे वर्तुळ चाकाशी जुळत नसेल तर चकती बदलावी, कानस हाती घेऊ नये. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट आणि बोल्ट पुन्हा तपासावे. आणि चाकातून कोणताही नवा आवाज आला तर त्याच दिवशी गाडी उभी करावी. ती त्या दिवशी सोसायटीच्या बाहेर नेऊच नये.

मंडळापुढे माझी एक प्रत्यक्ष सूचना आहे, आणि तीसाठीच हा लेख स्मरणिकेत द्यावासा वाटला. आपल्या वार्षिक सहलीत लहान मुलांना जुन्या गाड्यांतून फेरी देण्याचा प्रघात मीच सुरू केला. गेल्या तीन सहलींच्या छायाचित्रांत निदान सात मुले चालकाच्या मांडीवर बसलेली आहेत, त्यांतील चार माझ्या गाडीत. या वर्षीपासून मंडळाच्या कार्यक्रमात कोणत्याही गाडीत, नव्या वा जुन्या, चालत्या वा ‘नुसत्या सुरू केलेल्या’, मुलाला चालकाच्या मांडीवर बसवू नये, असे कार्यकारिणीने लेखी ठरवावे. उभ्या, इंजिन बंद केलेल्या गाडीत मुलांनी मनसोक्त चाक फिरवावे, हॉर्न वाजवावा, छायाचित्रे काढावीत. आणि आपण मंडळाच्या गटावर असे व्हिडिओ टाकणे थांबवावे. डॉक्टरांच्या गटातून गेलेल्या व्हिडिओचा अर्थ बाहेर ‘डॉक्टरही असेच करतात’ असा होतो. माझा तो व्हिडिओ मी काढून टाकला आहे; परंतु तो अजून कुठे कुठे फिरत असेल, हे मला ठाऊक आहे.

माझ्या गाडीचे म्हणाल, तर जुने चाक परत बसले आहे. आतले लोखंडी कडे शाबूत होते. काकांच्या सल्ल्याने प्रत्येक तडा इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोरून मोठा केला, त्यात इपॉक्सी भरली, चार दिवस सुकू दिली, पॉलिश पेपरने घासून सारखी केली आणि मग रंग दिला. सर्व मिळून दोन रविवार गेले. जवळून पाहिले तर डाव्या आऱ्यापाशी एक डाग दिसतो. मागच्या आसनाला बेल्टही बसवून घेतले. पत्रा पातळ असल्याने नुसत्या भोकात बोल्ट आवळून भागत नाही; खालून जाड पोलादी पट्ट्या देऊन ते काम नीट करून घेतले, आणि या वेळी प्रत्येक टप्प्यावर मी प्रश्न विचारले. मिस्त्री कंटाळले, पण त्यांनी ते केले. लाकडी चाक माझ्या दवाखान्यातील कपाटात आहे. एकसंध बॉसचे माप मकरपुऱ्याला देऊन आलो आहे. तो तयार झाल्यावर चाक बसवायचे की नाही याचा निर्णय अजून झालेला नाही, कारण मुलीचे म्हणणे एक आणि सौ.चे दुसरे आहे.

दिवाळीत नात आली होती. मागच्या आसनावर तिची खुर्ची बसवली, बेल्ट लावला आणि आम्ही सुरसागरापर्यंत गेलो. तेथून पुढचे काहीच दिसत नाही, अशी तिची तक्रार आहे. खुर्ची चार इंच उंच करता येईल का, ते पाहतो आहे.